माँटगोमेरीची गोष्ट कशी सांगावी: नागरी हक्कांच्या लढ्यातील कथा वर्गात आणि वाचकगटात मांडताना

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याची गोष्ट आपल्या शाळांत आणि वाचनालयांत सांगितली जाते, पण ती बहुतेक वेळा दोन प्रसंगांत आटोपते. कामावरून दमून निघालेली एक शिवणकाम करणारी बाई बसमधली जागा सोडायला नकार देते, आणि पुढे वॉशिंग्टनला एक अविस्मरणीय भाषण होते. या दोन प्रसंगांमधली आठ वर्षे गळून पडली की, समता ही एखाद्या थोर व्यक्तीच्या धैर्याने किंवा वक्तृत्वाने एका दिवसात मिळते, असा समज ऐकणाऱ्याच्या मनात घर करतो. हा समज मुलांचे नुकसान करणारा आहे, असे माझे ठाम मत आहे. कारण ज्या सामान्य माणसांनी वर्षभर रोजच्या रोज कष्ट करून हा बदल घडवला, त्यांचे काम त्यात दिसेनासे होते. ही गोष्ट वर्गात, वाचकगटात किंवा सुटीतल्या शिबिरात सांगू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी, ग्रंथपालांसाठी आणि पालकांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

सुरुवात एका शहरापासून करावी. १९५४ ते १९६८ हा सगळा कालखंड एका बैठकीत बसवण्याचा प्रयत्न केला की तारखांची यादी तेवढी हाती लागते. अलाबामा राज्याची राजधानी असलेले माँटगोमेरी हे शहर यासाठी सर्वांत सोयीचे आहे. बसमधील अन्यायाविरुद्ध तेथील कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या बस बहिष्काराला ठळक सुरुवात आहे, ठळक शेवट आहे, तो ३८१ दिवस चालला, आणि रस्त्यावरची चळवळ व न्यायालयातील लढाई या दोन्ही गोष्टी त्यात एकमेकींना धरून पुढे सरकतात. साधारण तासाभराच्या दोन बैठका ठेवाव्यात: पहिलीत बस, अटक आणि पत्रके, दुसरीत बहिष्काराचे वर्ष, निकाल आणि त्यानंतरचे दिवस.

बस कशी होती ते आधी दाखवावे

ऐकणाऱ्याला बसची आतली रचना कळली नाही, तर पुढचे काहीच नीट कळत नाही. त्यामुळे कोणाचेही नाव घेण्यापूर्वी फळ्यावर ३६ आसनांची आकृती काढावी. पुढची १० आसने गोऱ्यांसाठी राखीव. ती रिकामी असली तरी कृष्णवर्णीय प्रवाशाने उभेच राहायचे. मागची १० आसने कृष्णवर्णीयांची. मधली १६ आसने वाहनचालकाच्या मर्जीवर. गोरे प्रवासी वाढले की तो मधल्या रांगा रिकाम्या करायला लावी. एका रांगेत गोरा आणि कृष्णवर्णीय असे दोघे बसू शकत नसत, म्हणून एका गोऱ्या माणसाला बसायला जागा हवी असेल तर चौघांना उठावे लागे. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून भाडे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचे, अशीही रीत होती, आणि तो मागच्या दारापाशी पोहोचण्याआधीच बस निघून गेल्याचे प्रकार घडत असत. या बसचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते, हे आकृतीखाली मोठ्या अक्षरांत लिहावे. बहिष्काराची सगळी ताकद या एका आकड्यात आहे.

आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. दुसरी जागा रिकामी नसेल तर बसलेल्या प्रवाशाला उठवता येत नाही, असे शहराच्या नियमातच होते. प्रत्यक्षात वहिवाट वेगळी होती, आणि वाहनचालक, पोलीस व न्यायाधीश वहिवाटीच्या बाजूने उभे राहत. कायदा अन्यायाचा होताच, पण जे थोडेफार संरक्षण त्याने दिले होते तेही कृष्णवर्णीयांपर्यंत पोहोचत नव्हते, हे मोठ्या वयाच्या श्रोत्यांना जरूर सांगावे.

येथे एक गोष्ट टाळावी. काही शिबिरांत मुलांना गोरे आणि काळे अशा भूमिका वाटून देतात आणि एखाद्या मुलाला सर्वांसमोर खुर्चीवरून उठवतात. हेतू चांगला असतो, परंतु ज्या मुलाच्या वाट्याला हा अपमान खरोखरीच्या आयुष्यात आलेला असतो, त्याला तो दुसऱ्यांदा भोगावा लागतो, आणि बाकीच्यांना तो खेळ वाटतो. फळ्यावरची आकृती पुरेशी बोलकी असते.

थकलेली बाई ही प्रतिमा बाजूला ठेवावी

१ डिसेंबर १९५५, गुरुवार. बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून या दिवशी अटक झालेल्या रोझा पार्क्स ४२ वर्षांच्या होत्या आणि एका मोठ्या दुकानात कपडे दुरुस्त करण्याचे काम करीत होत्या, हे खरे. पण त्या १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या राष्ट्रीय संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस होत्या. अत्याचारांच्या तक्रारी नोंदवणे, साक्षीदारांना भेटणे, मतदार नोंदणीसाठी धडपडणे हे काम त्या बारा वर्षे करीत आल्या होत्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसीतील हायलँडर या शाळेत, जिथे गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र राहून संघटना कशी उभारावी याचे शिक्षण घेत, त्या जाऊन आल्या होत्या. ज्या वाहनचालकाने त्यांना त्या दिवशी उठायला सांगितले, त्यानेच १९४३ मध्ये मागच्या दाराने चढायला नकार दिला म्हणून त्यांना बसमधून उतरवले होते.

एमेट टिलचा उल्लेखही येथेच यावा. शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे आलेल्या या १४ वर्षांच्या मुलाचा ऑगस्ट १९५५ मध्ये खून झाला आणि सप्टेंबरमध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. पार्क्स यांच्या अटकेच्या चारच दिवस आधी, २७ नोव्हेंबरला, माँटगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये या खुनाविषयी सभा झाली होती आणि श्रोत्यांत पार्क्स होत्या. हे सगळे सांगितल्यावर, त्या रांगेतले बाकीचे तिघे उठले तेव्हा त्या उठण्याऐवजी खिडकीकडे सरकून का बसल्या, याचे उत्तर श्रोते स्वतःच देतात.

क्लॉडेट कॉल्विनला वगळू नये. ती १५ वर्षांची शाळकरी मुलगी याच शहरात, याच कारणासाठी, नऊ महिने आधी म्हणजे २ मार्च १९५५ रोजी अटकेत गेली होती. तिच्या प्रकरणावरून बहिष्कार पुकारायचा की नाही यावर पुढाऱ्यांनी विचार केला आणि तो सोडून दिला: ती वयाने लहान होती, खटल्यातील कलमे अडचणीची झाली होती, आणि पुढे ती गरोदर राहिल्याने विरोधक तिच्या चारित्र्यावर चिखल उडवतील ही भीती होती. मुले हे ऐकून हमखास विचारतात की हा तिच्यावर अन्याय नव्हता का. या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. अन्याय होता आणि पुढाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती, या दोन्ही बाजू मुलांना पेलतात. त्यावर त्यांना बोलू द्यावे.

पत्रकांची रात्र

माझ्या दृष्टीने या कथेचा कणा गुरुवारच्या रात्रीत आहे. जो अ‍ॅन रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवीत. १९४९ मध्ये जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पुढे बसल्या म्हणून वाहनचालक त्यांच्या अंगावर ओरडला होता आणि त्या रडत उतरल्या होत्या. पुढे त्या कृष्णवर्णीय शिक्षिका आणि व्यावसायिक स्त्रियांच्या विमेन्स पोलिटिकल कौन्सिलच्या अध्यक्ष झाल्या. मे १९५४ मध्येच त्यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिलेला होता. म्हणजे पार्क्स यांना अटक झाली तेव्हा योजना तयार होती. प्रतीक्षा होती ती प्रसंगाची.

त्या रात्री ई. डी. निक्सन यांनी पार्क्स यांना जामिनावर सोडवून आणले. निक्सन रेल्वेच्या शयनयान सेवकांच्या कामगार संघटनेचे पुढारी. त्यांच्याबरोबर क्लिफर्ड आणि व्हर्जिनिया डर हे गोरे दांपत्य होते. मध्यरात्रीच्या सुमारास रॉबिन्सन एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्राशी उभ्या राहिल्या. एका कागदावर तोच मजकूर अनेकदा बसवून, पाने कापून, गठ्ठे बांधून त्यांनी पहाटेपर्यंत हजारो पत्रके काढली, आणि सकाळचा वर्ग घेऊन झाल्यावर गाडीतून शाळा, दुकाने, केशकर्तनालये आणि कारखान्यांच्या दारांशी वाट पाहणाऱ्या स्त्रियांच्या हाती ती पोहोचवली. सोमवारी बसमध्ये चढू नका, एवढीच विनंती पत्रकात होती. कॉलेज राज्य सरकारचे होते. यंत्र, कागद आणि नोकरी तिन्ही सरकारची. ही जोखीम सांगितल्याशिवाय ही रात्र सांगू नये.

वर्गात या ठिकाणी मुलांना एक काम द्यावे: कागदाचे तीन सारखे भाग करून प्रत्येक भागावर तोच संदेश हाताने लिहायचा, तोही इतक्या थोड्या शब्दांत की घाईत असलेल्या माणसाला चालता चालता वाचता येईल. पाच-सहा प्रती होताच हात दुखू लागतो आणि संघटना म्हणजे काय हे व्याख्येविना समजते.

मागण्या लहान होत्या, हे लपवू नये

५ डिसेंबरच्या सोमवारी बस रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर न्यायालयाचा खर्च अशी शिक्षा झाली, बहिष्कार चालवण्यासाठी माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन या संस्थेची स्थापना झाली, शहरात नवे असलेले २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग तिचे अध्यक्ष निवडले गेले, आणि रात्री होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये हजारोंच्या सभेने बहिष्कार चालू ठेवण्याचा निर्णय घेतला.

सांगणारे बहुधा येथे म्हणून जातात की लोकांनी वर्णभेद संपवण्याची मागणी केली. तसे झालेले नाही. पहिल्या मागण्या तीन होत्या: वाहनचालकांनी सभ्यपणे वागावे; कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे अशा क्रमाने जो आधी येईल त्याने बसावे, कोणी कोणाला उठवू नये; आणि ज्या मार्गांवर मुख्यतः कृष्णवर्णीय प्रवासी आहेत तेथे कृष्णवर्णीय चालक नेमावेत. भेदाची चौकट कायम ठेवून मागितलेल्या या गोष्टीही शहराच्या अधिकाऱ्यांनी नाकारल्या. या नकारानेच चळवळ पुढे ढकलली गेली आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये बसमधील भेदाचा कायदाच रद्द करण्याचा दावा दाखल झाला. सौजन्याच्या मागणीपासून समान हक्कापर्यंतचा हा प्रवास या कथेत सर्वांत शिकण्यासारखा आहे, आणि मागण्या सुरुवातीपासून मोठ्या होत्या असे सांगितले की तो पुसला जातो.

बहिष्काराचे वर्ष सांगताना चालण्याचे वर्णन करून थांबू नये. रोज हजारो लोकांना कामावर न्यायचे कसे, हा खरा पेच होता. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसइतकेच १० सेंट भाडे घेतले. शहराने ४५ सेंटच्या किमान भाड्याचा नियम पुढे करून ते बंद पाडले. मग १९५३ मध्ये लुइझियानातील बॅटन रूज शहरात झालेल्या छोट्या बहिष्काराचा अनुभव विचारून घेऊन सुमारे ३०० खाजगी गाड्यांची व्यवस्था उभारली गेली: ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. चर्चांच्या नावाने मोठ्या गाड्या विकत घेतल्या गेल्या. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले तेव्हा लंडनच्या लॉइड्समार्फत विमा मिळवण्यात आला. अनेक गोऱ्या गृहिणी आपल्या मोलकरणींना स्वतः गाडीतून आणत-सोडत, काही सहानुभूतीने आणि बऱ्याच जणी घरकाम अडू नये म्हणून.

आणि पैसा? येथे जॉर्जिया गिलमोर यांना व्यासपीठावर आणावे. त्या एका खाणावळीत स्वयंपाकीण होत्या. ओळखीच्या स्त्रियांना जमवून त्यांनी तळलेल्या कोंबडीचे सँडविच, केक आणि ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ करून विकायला सुरुवात केली आणि आलेली रक्कम दर सभेत चळवळीच्या झोळीत टाकली. गटाचे नाव होते ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर ‘कुठूनच नाही’ असे खरे उत्तर देता यावे, आणि गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या एकाही बाईची नोकरी जाऊ नये, म्हणून हे नाव. बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर भरलेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर गिलमोर यांची स्वतःची नोकरी मात्र गेली. मग त्या घरीच स्वयंपाक करून विकू लागल्या. बचत गट चालवणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तर इतर कोणत्याही भागापेक्षा यावर जास्त बोलले जाते, आणि ते योग्यच आहे.

न्यायालय आणि छायाचित्रे

न्यायालयाचा भाग कोरडा वाटतो म्हणून तो वगळण्याचा मोह होतो. तो आवरावा. फेब्रुवारीत दाखल झालेल्या त्या दाव्यात, म्हणजे ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्यात, ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि तीच क्लॉडेट कॉल्विन अशा चौघी फिर्यादी होत्या; पार्क्स यांचे नाव त्यात मुद्दाम घातले नव्हते, कारण त्यांचा फौजदारी खटला वेगळा चालू होता. वकील फ्रेड ग्रे जेमतेम पंचविशीचे होते. ५ जून १९५६ रोजी तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी बसमधील भेद घटनाबाह्य ठरवला आणि शहराने अपील केले. १३ नोव्हेंबरला किंग आणि त्यांचे सहकारी माँटगोमेरीच्या एका न्यायालयात बसले होते. गाड्यांची व्यवस्था बंद करण्याचा आदेश शहर मागत होते आणि तो मिळणार हे स्पष्ट दिसत होते. त्याच दिवशी, सुनावणी चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने आधीचा निकाल कायम केल्याची बातमी तेथे पोहोचली. एका दालनात हार आणि दुसऱ्या बातमीने जीत, हा प्रसंग सावकाश सांगावा. त्यानंतरही लेखी आदेश येईपर्यंत, २० डिसेंबरपर्यंत, लोक पायीच चालले.

छायाचित्रे दाखवताना त्यांच्या तारखा तपासाव्यात. पोलीस अधिकारी पार्क्स यांच्या बोटांचे ठसे घेत असल्याचे प्रसिद्ध छायाचित्र १ डिसेंबरच्या अटकेचे नाही. ते फेब्रुवारी १९५६ चे आहे. बहिष्काराला मनाई करणाऱ्या १९२१ च्या एका कायद्याचा आधार घेऊन ऐंशीहून अधिक कार्यकर्त्यांवर तेव्हा आरोप ठेवले गेले होते आणि त्यांतील कित्येक जण बोलावणे येण्याची वाट न पाहता, चांगले कपडे घालून, स्वतःहून शेरीफच्या कचेरीत हजर झाले होते. बसमध्ये खिडकीशी बसलेल्या पार्क्स आणि मागे बसलेला गोरा माणूस, हे दुसरे छायाचित्रही वर्षभरानंतरचे, २१ डिसेंबर १९५६ चे, वार्तांकनासाठी मुद्दाम घेतलेले. तो गोरा माणूस पत्रकार होता. या दोन्ही चित्रांखाली चुकीच्या ओळी सर्रास छापल्या जातात, आणि खरी हकीकत छापील ओळीपेक्षा कितीतरी समृद्ध आहे.

हिंसा आणि शेवट

हिंसेचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक सांगणाऱ्यापुढे येतो. लहान मुलांना किंग यांच्या घरावर ३० जानेवारी १९५६ रोजी बॉम्ब टाकला गेला, घरात पत्नी आणि लहान बाळ होते आणि दोघे वाचले, एवढे सांगणे पुरे. माध्यमिक शाळेतील मुलांपासून तपशील वाढवावेत. जखमांची वर्णने मात्र कोणत्याही वयात टाळावीत. त्या धमक्यांमुळे माणसांचे निर्णय कसे बदलले किंवा बदलले नाहीत, याकडे लक्ष न्यावे. या हल्ल्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला, ही गोष्टही झाकू नये. अहिंसा त्यांच्याकडे जन्मजात नव्हती, ती त्यांनी याच वर्षात शिकून अंगी बाणवली, हे कळले तर त्या निष्ठेविषयी आदर वाढतोच.

आपला श्रोता येथे लगेच गांधीजींचे नाव घेईल. ते योग्य आहे, परंतु क्रम सांभाळावा. बहिष्कार पत्रकांतून, चर्चमधून आणि कामगार संघटनेतून उभा राहिला. मिठाच्या सत्याग्रहाशी त्याची तुलना १२ डिसेंबर १९५५ रोजी स्थानिक वृत्तपत्रातील पत्रात ज्यूलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल बाईंनी केली, आणि त्याबद्दल त्यांना अतोनात छळ सोसावा लागला. किंग १९५९ मध्ये भारतात आले आणि मुंबईत मणिभवनात राहिले. याहूनही जुना धागा आपल्या हाती आहे: महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केले, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. हे धागे दुसऱ्या बैठकीच्या शेवटी आणावेत. सुरुवातीलाच ‘म्हणजे आपल्याकडच्या अस्पृश्यतेसारखेच’ असे म्हटले की माँटगोमेरीची माणसे उदाहरणापुरती उरतात, आणि चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांची स्वतंत्र कथाही घाईत उरकली जाते.

गोष्ट २१ डिसेंबरच्या एकत्र बसप्रवासावर थांबवू नये. त्यानंतरच्या काही दिवसांत बसवर गोळीबार झाला आणि एक गरोदर कृष्णवर्णीय स्त्री पायांत गोळ्या लागून जखमी झाली. जानेवारी १९५७ मध्ये एका रात्रीत चार चर्चांवर बॉम्ब पडले. बहिष्काराच्या काळातच नोकरी गेलेल्या पार्क्स यांना पुढे शहरात काम मिळेना, धमक्या थांबेनात, आणि १९५७ मध्ये त्या डेट्रॉइटला निघून गेल्या. सार्वजनिक ठिकाणच्या भेदावर देशभर बंदी घालणारा नागरी हक्क कायदा येण्यास १९६४ उजाडले, आणि मतदानाच्या हक्काचे प्रभावी संरक्षण १९६५ मध्ये मिळाले.

माँटगोमेरी नीट सांगून झाल्यावर ग्रीन्सबरो किंवा सेल्मा यांच्याकडे वळता येते. फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरोतील चार विद्यार्थी वूलवर्थ या दुकानातील उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जागी बसले, किंवा मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांवर लाठ्या पडल्या, हे प्रसंग घेताना तेच प्रश्न हाताशी ठेवावेत: नेमका नियम काय होता आणि वहिवाट काय होती; प्रसंगाच्या आधी तेथे कोण किती वर्षे राबत होते; खर्च कोणी उचलला; नोकरी कोणाची गेली; पहिली मागणी कोणती होती आणि शेवटची कोणती. सेल्माच्या बाबतीत अमेलिया बॉइंटन आणि तेथील मतदार संघटनेपासून, म्हणजे किंग तेथे पोहोचण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून सुरुवात करावी. वॉशिंग्टनच्या १९६३ च्या मोर्चाकडे सर्वांत शेवटी यावे, आणि तो ‘रोजगार आणि स्वातंत्र्य’ यांसाठी होता, त्याची आखणी बेयर्ड रस्टिन यांनी केली होती, इथपासून तो सांगावा. भाषण त्यानंतर ऐकवावे.